एजंटच्या लेखी सावित्रीचा पूल अजून पडलेलाच होता

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट आहे. पुण्याहून एक कुटुंब आमच्या होमस्टेला यायला निघालेलं. दापोलीला थांबून मग दाभोळला खाडीकाठी यायचं, फेरीबोटीत गाडी घालून धोपाव्याला उतरायचं आणि तिथून आमच्या घरी, असा त्यांचा बेत होता. वाटेतून त्यांनी आमच्या व्हॉट्सअॅपवर विचारलं की शेवटची फेरी किती वाजता असते, आणि मिनिटभरात उत्तर गेलं. ते मी दिलेलं नव्हतं, मी बनवलेल्या एजंटने, म्हणजे पाहुण्यांना आपोआप उत्तरं देणाऱ्या एआय प्रोग्रॅमने दिलं होतं आणि ते चुकीचं होतं. ते लोक जेटीवर पोचले तेव्हा फेरी बंद होऊन बराच वेळ झाला होता, जेटीवर चिटपाखरू नाही, गाडीत दोन लहान मुलं आणि एक आजी. पलीकडे धोपाव्याचे दिवे दिसतायत, पाण्यावरून थोडा वेळ, पण रस्त्याने यायचं तर मागे फिरून दापोली, खेड, चिपळूण आणि मग गुहागर, शंभरच्या वर किलोमीटर.

रात्री पाऊण वाजता गाडी अंगणात आली. आजी उतरल्या, कोणाशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या ओटीवर टेकल्या. आईने भात आणि कुळथाची पिठी गरम करून ठेवली होती ती वाढली, मुलं झोपेतच जेवली. ते मला एका शब्दाने काही बोलले नाहीत आणि त्यानेच मला जास्त लागलं. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "ही वेळ त्यांना सांगितली कोणी?"

त्या रात्रीपासून पुढचे दोन-अडीच महिने मी ऑफिसचं काम आटपलं की एकाच गोष्टीच्या मागे होतो, एजंटच्या मेमरीतून जुनं झालेलं काढायचं कसं. आधी वाटलं होतं एका शनिवारी होईल. झालं नाही. जे कळलं ते लिहून ठेवतोय, कारण आता कोकणात होमस्टेवाले, बागायतदार, अगदी आंब्याच्या पेट्या पाठवणारी पोरंसुद्धा असे एजंट लावायला लागलीयत, आणि मेमरीत भरायचं कसं हे सगळे सांगतात, काढायचं कसं हे फार कोणी बोलत नाही.

आधी आमचं काय आहे ते सांगतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून घरी आलो तो परत गेलो नाही. कंपनीचं काम घरून, आणि आईबाबांच्या होमस्टेचं बघणं. चार खोल्या, मागे माडापोफळीची वाडी, पुढे पाच मिनिटं चाललं की समुद्र. पाहुण्यांचे तेच तेच प्रश्न येतात, रस्ता कसा, गाडी खोलीपर्यंत येते का, मासे मिळतील का, भरती कधी. म्हणून एजंट बनवला. त्याला मेमरी म्हणून एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक साधी फाईल दिली, त्यात छोट्या छोट्या नोंदी, आणि प्रत्येक नोंदीसोबत तिचं एम्बेडिंग, म्हणजे त्या वाक्याचा अर्थ आकड्यांच्या लांब ओळीत. कोणी प्रश्न विचारला की त्याचीही तशीच ओळ करायची, सगळ्यात जवळच्या आठ नोंदी उचलायच्या आणि उत्तर लिहिणाऱ्या एआय मॉडेलसमोर ठेवायच्या. मॉडेल स्वतः काही लक्षात ठेवत नाही, त्याला दर वेळी त्या आठ चिठ्ठ्या हातात देऊन उभं करायचं. सुरुवातीला मेमरी रिकामी होती म्हणून मी उत्साहात घरचं सगळं तिच्यात ओतलं, २०१६ पासूनचा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा एक्सपोर्ट, पाहुण्यांची जुनी चॅट, बाबांच्या वहीचे फोटो. नोंदी झाल्या चौदाशेच्या आसपास.

खरं तर इशारा जुलैतच मिळाला होता. मुंबईच्या एकांनी विचारलं की एवढ्या पावसात हायवे कसा आहे, आणि एजंटने कळवलं की महाडजवळचा सावित्रीवरचा पूल वाहून गेलाय, निघू नका. ती नोंद २०१६ ची. २ ऑगस्टच्या रात्री तो ब्रिटिशांच्या वेळचा पूल पुरात गेला, दोन एसट्या आणि आणखी गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. काकाने त्या रात्री ग्रुपवर लिहिलेलं, "सावित्रीवरचा पूल गेलाय, मुंबईहून कोणीही निघू नका." मला ती रात्र आठवते, आमचे दोन नातेवाईक निघायच्या तयारीत होते, आई फोन लावत होती आणि लागत नव्हता. त्या रात्री त्या ग्रुपवर त्याहून महत्त्वाचा मेसेज नव्हता. पुढच्या वर्षी जूनमध्ये तिथे नवा पूल सुरू झाला, आम्ही सगळे शंभरदा त्यावरून गेलो, पण 'पूल झाला' असं ग्रुपवर कोणी लिहिलं नाही. कोण लिहितो? वाईट बातमी आपण कळवतो, ती संपली की संपली असं कळवत नाही. त्यामुळे एजंटच्या लेखी पूल अजून पडलेलाच होता. आणि प्रश्नात पाऊस, मुंबई, रस्ता, नोंदीत पाऊस, मुंबई, रस्ता, मग जवळीक मोजणाऱ्या गणितात तीच नोंद पहिली येणार. त्या गणितात तारखेला जागाच नाहीये. दहा वर्षांपूर्वीचं वाक्य आणि आज सकाळचं वाक्य त्याला सारखंच ताजं.

तेव्हा मी काय केलं तर ती एक नोंद डिलीट केली आणि कामाला लागलो. तेव्हाच थांबून बघितलं असतं तर त्या आजींना रात्री घाटातून हिंडावं लागलं नसतं.

फेरीची नोंद कुठून आली तेही शोधलं. गणपतीत मामाकडची मंडळी येत होती, गर्दीमुळे त्या दिवशी फेऱ्या लांबल्या होत्या, आणि मीच ग्रुपवर लिहिलेलं, "आज शेवटची फेरी उशिरा आहे, आरामात या." मेसेजमधून नोंदी काढायचं काम मी एका छोट्या मॉडेलला दिलं होतं, त्याने लिहून ठेवलं, 'शेवटची फेरी उशिरा असते' आणि सोबत त्या दिवसाची वेळ. माझ्या वाक्यातला 'आज' गळला आणि 'आहे'चं 'असते' झालं. मला वाटतं जुन्या मेमरीचा अर्धा त्रास इथेच जन्माला येतो, आपण काढायचं कसं याचा विचार करतो पण नोंद मुळात घेतानाच तिची तारीख पुसलेली असते. 'आज', 'उद्या', 'यंदा', 'सध्या' हे शब्द नोंदीत तसेच ठेवून चालत नाहीत आणि टाकून तर अजिबातच चालत नाहीत, त्यांच्या जागी खरी तारीख लिहावी लागते. आता तो नोंदी काढणारा मॉडेल आधी मेसेजची तारीख बघतो आणि मगच वाक्य लिहितो.

पण झालेल्या चौदाशे नोंदींचं काय? पहिला उपाय मी केला तो कोणीही करेल तोच, नव्वद दिवसांपेक्षा जुनं सगळं उडवून दिलं. फार मोकळं वाटलं. ते सुख दहा दिवस टिकलं.

ठाण्याचं एक कुटुंब दुसऱ्यांदा आलं. एजंट रोज सकाळी काकूला स्वयंपाकघराची चिठ्ठी देतो, कोण किती जण, कोणाला काय चालत नाही. काकूने त्या दिवशी वांग्यात सोडे घातले होते. ताट वाढायला घेतलं आणि आई दारातून त्या मुलीकडे बघत म्हणाली, "हिला मागच्या खेपेस कोलंबी चालत नव्हती ना गं?" नव्हतीच चालत, अॅलर्जी होती, तोंड सुजायचं. नोंद दोन वर्षांपूर्वीच्या चॅटमधली होती, म्हणजे मी उडवलेल्यांपैकी. सोडे म्हणजे सुकी कोलंबीच, वांग्यात शिजली की दिसतही नाही. आईला चेहरा आठवला म्हणून निभावलं. माझे हातपाय गार पडले होते, खोटं नाही सांगत.

त्याच सफाईत बाबांच्या वहीतलं पानही गेलं होतं. 'तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ.' आमच्या किनाऱ्यावर हा हिशोब कोणालाही विचारा, अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, बीजेला दीडच्या सुमारास, पुनवेला सव्वाअकरा. अंदाजच असतो, पक्की वेळ हवी तर कोष्टक बघावं, पण लहान मुलांना घेऊन किनाऱ्यावर कधी जायचं एवढं सांगायला पुरतो. हे बाबांना आजोबांनी सांगितलं, आजोबांना कोणी सांगितलं देव जाणे. माझ्या फाईलमध्ये ते जुनं म्हणून उडालं आणि परवाचा सुरमईचा भाव नवा म्हणून राहिला, जो त्याच संध्याकाळी खोटा झालेला असतो. तेव्हा डोक्यात लख्ख पडलं की नोंदीचं वय आणि नोंद शिळी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी त्या एक धरून चाललो होतो.

मग वाचायला बसलो, बाकीचे काय करतात. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी एक काम केलेलं, संगणकातल्या छोट्या गावात २५ पात्रं सोडली आणि त्यांना मेमरी दिली. कुठली आठवण वर आणायची हे ते तीन गोष्टींवरून ठरवायचे, किती ताजी, किती महत्त्वाची, प्रश्नाशी किती जुळणारी. ताजेपणा त्यांच्या खेळातल्या दर तासाला ०.९९५ ने गुणत खाली आणायचा. ऐकायला ०.९९५ म्हणजे काहीच नाही, पण मी हिशोब केला, एका दिवसात ०.८९, आठवड्यात ०.४३, महिन्याने ०.०३. त्या पात्रांना ते चालतं, त्यांची दोन दिवसांची जत्रा असते. माझ्याकडे वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांची अॅलर्जी आहे. आणि त्यात अजून एक खाच आहे जी मला फार उशिरा दिसली, ताजेपणा ते आठवण शेवटची वापरली गेली तेव्हापासून मोजतात. म्हणजे जी नोंद सारखी विचारली जाते ती कायम ताजी. माझ्याकडे सगळ्यात जास्त विचारली जाणारी नोंद कुठली? फेरीची वेळ! चुकीची असली तरी दर वेळी वर आली की पुन्हा तरुण. महत्त्वाच्या नोंदीला जास्त मार्क द्यावे तर मग काकाचा पुलाचा मेसेज, त्याच्याएवढं महत्त्वाचं काय होतं. हा उपाय वाईट नाही, गप्पा मारणाऱ्या एजंटला छान आहे, पण तो विसरायला लावतो आणि मला विसरणं नको होतं, मला खरं-खोटं हवं होतं.

दुसरी पद्धत म्हणजे मॉडेललाच ठरवू द्यायचं. मेम-झिरो नावाचं मेमरीचं ओपन सोर्स साधन आहे, त्याची जी पद्धत त्यांनी मांडली त्यात नवीन माहिती आली की मॉडेल जवळच्या जुन्या नोंदी बघतं आणि चारातलं एक सांगतं, भर घाल, बदल, काढून टाक, किंवा काही करू नको. मी तसं स्वतः लिहून बघितलं. बऱ्यापैकी चाललं आणि मग एक मजबूत फटका बसला. काकूने जूनमध्ये लिहिलेलं, 'हापूस संपला.' ही चॅट परत चालवली तेव्हा मॉडेलने 'आमच्या बागेतला हापूस मिळतो' ही नोंद काढून टाकली. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, एक म्हणतो मिळतो, दुसरा म्हणतो संपला. पण आपल्याकडे संपला म्हणजे यंदाचा संपला, पुढच्या मार्चला आहेच. कोकणातलं निम्मं आयुष्य असंच फिरून येणारं आहे. मासेमारी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंद, मग पुन्हा चालू. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक. किनाऱ्यावर कासवांची घरटी. नारळी पौर्णिमा. हे जुनंही होत नाही आणि कायमचं खरंही नसतं, त्यामुळे 'मासे मिळतात' आणि 'मासे नाहीत' या दोन्ही नोंदी आपापल्या महिन्यात खऱ्या. त्यांना मी वेगळा खण दिला, हंगामी, त्यात महिने लिहायचे आणि मॉडेलला त्या नोंदी काढायची परवानगीच नाही.

आणि मग एका संध्याकाळी बाबा मागे येऊन उभे राहिले. मी स्क्रीनवर जुनी फेरीची नोंद सिलेक्ट करून डिलीटवर बोट ठेवून बसलो होतो. त्यांनी विचारलं हे काय, मी सांगितलं, की हे आता खरं नाही, काढतोय. ते म्हणाले, "काढतोस कशाला? कंस कर की."

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी कपाटातून सामायिक जमिनीचा जुना सातबारा काढला. कोकणातला सातबारा ज्याने बघितलाय त्याला सांगायला नको, तुकडा एवढासा आणि नावांची रांग. ज्याचा हक्क संपला त्याचं नाव पुसून टाकत नाहीत, ते कंसात जातं आणि बाजूला फेरफाराचा नंबर राहतो. तो नंबर घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफारांची वही उघडली की कळतं नाव कधी कमी झालं, कशामुळे, त्याच्या जागी कोण लागलं. आणि फेरफार झालाच नसेल तर? तर आमच्यासारखं होतं, आजोबांच्या चुलत्यांचं नाव अजून मोकळं, कंसाशिवाय, कारण वारस नोंद करायची राहून गेली. माणूस जाऊन कित्येक वर्षं झाली, कागद म्हणतो मालक आहे. सावित्रीच्या पुलाचं अगदी हेच झालं होतं.

मी त्या रात्री टेबल नव्याने मांडलं. प्रत्येक नोंदीला पाच खाने वाढवले, कधीपासून खरं, कधीपर्यंत खरं, आपल्याला कधी कळलं, कोणी सांगितलं, आणि फेरफार. जुनं झालं की नोंद जागची हलत नाही, 'कधीपर्यंत'मध्ये तारीख पडते आणि फेरफारात नव्या नोंदीचा नंबर. एजंट शोधतो तेव्हा कंस झालेल्या नोंदी आधीच बाजूला काढतो आणि मगच जवळीक मोजतो. नंतर वाचताना कळलं की ग्राफिटी नावाच्या मेमरीच्या साधनात हेच करतात, जुनी कडी, म्हणजे दोन गोष्टींना जोडणारी नोंद, तोडत नाहीत, ती कधी संपली ती वेळ तिच्यावर टाकतात. बाबांना सांगितलं तर म्हणाले महसूल खातं हे कधीचं करतंय.

यातले 'कधीपासून खरं' आणि 'आपल्याला कधी कळलं' हे दोन वेगळे खाने का, असं मला एका मित्राने विचारलं. समजा फेरीची वेळ सोमवारी बदलली आणि आम्हाला गुरुवारी कळली. तर मधल्या तीन दिवसांत एजंटने ज्यांना ज्यांना जुनी वेळ सांगितली ते सगळे चुकीच्या माहितीवर निघणार आहेत. दोन तारखा असल्या तर तेवढे मेसेज डेटाबेसला एक प्रश्न टाकला की सापडतात आणि त्यांना फोन करता येतो. नोंद नुसती बदलून टाकली असती तर मेमरी स्वच्छ दिसली असती आणि माणसं जेटीवर उभी राहिली असती. हे मी आता खरंच करतो, वेळ बदलली की आधी यादी काढतो, मग फोन.

कंस करण्याचा अजून एक फायदा मला चुकूनच कळला आणि मला वाटतं हा या सगळ्यातला सगळ्यात मोठा मुद्दा आहे. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक बरीच वर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५ ला ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. मी आधी जुनी नोंद पूर्ण डिलीट केली होती आणि नवी घालायची राहिली होती. तर एकाने विचारल्यावर एजंटने सरळ १० जून सांगितलं. मेमरीत ते कुठेच नव्हतं, मी तीनदा शोधलं! ते आलं मॉडेलच्या स्वतःच्या पोटातून, त्याला शिकवताना जे वाचायला दिलं होतं त्यात जुन्याच तारखा असणार, आणि त्या मला काढता येत नाहीत, मॉडेल जसं आहे तसं आहे. मी माझ्या फाईलमधून नोंद काढली म्हणजे मी तिथे फक्त एक रिकामी जागा केली, आणि मॉडेलला रिकामी जागा दिसली की ते आपल्याकडचं जुनं तिथे ठेवतं. त्यापेक्षा 'आधी १० जून ते ३१ ऑक्टोबर होतं, २०२५ पासून तसं नाही, यंदाचं पत्रक बघून सांग' अशी कंसवाली नोंद समोर ठेवली की ते गप्प बसतं. हायवेचं तसंच, जुन्या मेसेजमध्ये सगळीकडे सतरा नंबर, आता तो ६६ आहे पण आमच्याकडची वयस्कर माणसं अजून सतराच म्हणतात, तेव्हा जुना नंबर काढूनही चालत नाही, सतरा म्हणजेच सहासष्ट हे त्याला माहीत पाहिजे.

तरीपण काही गोष्टी मुळापासून काढायच्याच असतात आणि तिथे कंस चालत नाही. एका ताईंनी बुकिंग करताना त्यांच्या आजारपणाबद्दल लिहिलं होतं, खालची खोली हवी म्हणून. नंतर त्यांनी फोन करून सांगितलं की दादा, ते कुठे लिहून ठेवलं असेल तर काढून टाका. त्यांचा हक्कच आहे तो, कायद्यातही तेच लिहिलंय, पण कायदा नसता तरी काढलंच पाहिजे. मी नोंद डिलीट केली. दोन दिवसांनी सहज तपासलं तर एजंटला ते माहीत होतं.

तीन ठिकाणी शिल्लक होतं. एक, रात्री नोंदींचा सारांश करणारा प्रोग्रॅम आहे, त्याच्या सारांशात ते वाक्य मिसळून गेलं होतं. मूळ काढलं तरी त्याच्यापासून झालेलं राहतं, मिठागरातलं पाणी आटवलं तरी मीठ राहतं ना तसं. दोन, चॅट पुन्हा वाचून नोंदी काढणारा मॉडेल दर रविवारी चालायचा, त्याने तीच नोंद परत लिहिली. आणि तिसरं मला सगळ्यात खटकलं, एजंटने स्वतःच त्या ताईंना आधी लिहिलेलं, 'तुमच्या तब्येतीमुळे खालची खोली ठेवली आहे', आणि ते त्याचं स्वतःचं वाक्य पुढे माहिती म्हणून नोंदीत आलं होतं. फेरीची चुकीची वेळसुद्धा अशीच वाढली होती, बघितलं तर एकाच्या अकरा नोंदी झालेल्या, मूळ माझी एक आणि दहा त्याने पाहुण्यांना सांगितलेल्या. स्वतः बोलायचं आणि स्वतःच ऐकून खात्री करायची!

आता एजंटच्या स्वतःच्या मेसेजमधून एकही नोंद घेत नाही. प्रत्येक सारांशासोबत तो कुठल्या नोंदींवरून झाला ते नंबर लिहिलेले असतात, एक नोंद गेली की तिच्यावर उभे असलेले सगळे सारांश पडतात आणि उरलेल्यांवरून नव्याने होतात. मूळ चॅटमधला तो मेसेजही काढतो. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, एसक्यूलाइटमध्ये डिलीट म्हटलं की साधारणपणे ती जागा फक्त रिकामी म्हणून धरली जाते, अक्षरं फाईलमध्ये पडून असू शकतात, व्हॅक्यूम नावाची आज्ञा चालवली की फाईल नव्याने लिहिली जाते. शिवाय बॅकअप. माझा बॅकअप पेनड्राइव्हवर आईच्या डाळीच्या डब्यांमागे असतो, तो पण बदलला. मग त्या ताईंना फोन करून सांगितलं, काढलं म्हणून. हे फोनवर सांगायच्या आधी मी दोनदा तपासलं.

सगळ्या नोंदींवर 'पुन्हा कधी विचारायचं' तेही लिहिलंय. माशांचा भाव संध्याकाळपर्यंत, फेरीची वेळ सात दिवस, रस्त्याची स्थिती पावसाळ्यात एक दिवस, अॅलर्जी प्रत्येक बुकिंगला त्यांनाच विचारून, विहिरीला पाणी एप्रिलअखेर कमी होतं हे दर वर्षी एकदा, तिथीची पाऊणपट कधीच नाही. मुदत संपली म्हणजे नोंद खोटी झाली असं धरत नाही, फक्त एजंटने ती ठामपणे सांगायची नाही, 'एकदा फोन करून खात्री करा' म्हणायचं आणि मला खूण पाठवायची. हे आकडे मी डोक्याने ठरवलेत, कुठल्या पुस्तकातले नाहीत, तुमच्याकडे वेगळे असतील.

तरी मशीनला न कळणाऱ्या पन्नास-साठ नोंदी उरतात. त्या आम्ही आगोटीला बघतो. मे महिन्यात आई तांदूळ, डाळी, सुकी मासळी, लाकडं भरून घेते, माळ्यावरचं उतरवून झटकते, तेव्हाच दुपारी चहानंतर मी लॅपटॉप घेऊन ओटीवर बसतो आणि एकेक नोंद मोठ्याने वाचतो. आई-बाबा आणि काकू सांगतात, आहे, नाही, कंस कर. पहिल्या वेळी तीन दुपारी गेल्या, त्यात अर्धा वेळ गप्पांत गेला आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण 'मागच्या गेटाने गाडी येत नाही' ही नोंद का झाली ते बाबांनी सांगितलं तेव्हाच कळलं की गडगा पडला होता म्हणून, आणि गडगा बांधून चार वर्षं झालीयत.

एका नोंदीवर मात्र अडलं. 'विहिरीजवळच्या माडाखाली गाडी लावू नये, नारळ पडतात.' तो माड मागच्या पावसात गेला. मी कंस करायला लागलो तर आई म्हणाली थांब, तिथे नवीन रोप लावलंय. बाबा म्हणाले त्याला नारळ धरायला अजून पाच-सहा वर्षं आहेत. आई म्हणाली पण गाडी लावली तर रोप मोडेल ना. मग जुनी नोंद कंसात गेली, फेरफारात कारण लिहिलं, आणि खाली नवी नोंद पडली, गाडी लावू नये, रोप आहे.